रक्तात न सापडलेली गोळी

प्रिय ठिपक्या,

पाकिटात या पत्राबरोबर दोन पानांचा एक छापील अहवाल आहे. तो तुझ्या हाताला आधी लागला असेल आणि ताईने आता हे कसलं नवीन खूळ काढलं, असं तू मनात म्हणाला असशील. म्हण. तुझ्या जागी मी असते तर पाकीट फोडायच्या आधी उजेडाकडे धरून आत काय आहे ते बघितलं असतं. अहवाल माझा आहे, तुझा नाही. वरच्या कोपऱ्यात माझी जन्मतारीख आहे, ती जुळवून घे. खाली प्रयोगशाळेचा फोन नंबर आहे. मी कुणाकडून तरी बनवून घेतलाय असं वाटलं तर सरळ तिथे फोन करून विचार, मला वाईट वाटणार नाही. अकरा वर्षं तू माझ्याशी बोललेला नाहीस. पहिली चार-पाच वर्षं मला त्याचा राग होता, मग सवय झाली, आणि गेल्या दीड महिन्यात जे घडलं त्यानंतर वाटायला लागलंय की तुझंच बरोबर होतं.

फोन केला नाही, कारण तू उचलणार नाहीस, आणि चुकून उचललास तर मी भलतंच काहीतरी बोलून बसेन. मी नुसतं ‘कसा आहेस’ म्हटलं तरी समोरच्याला जबाब द्यायला बसवल्यासारखं वाटतं. आई म्हणायची, तुझ्या तोंडून ‘या, बसा’सुद्धा नोटीस बजावल्यासारखं येतं. कागदावर निदान खोडता येतं. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय.

मी अजून त्याच खात्यात आहे, वजनमापं तपासते. आता सव्वीस वर्षं झाली. दुकानात शिरल्यावर मालक हसून चहा विचारायला लागला की आधी त्याच्या काट्याखाली वाकून बघायचं, हे मला पहिल्या साहेबांनी शिकवलं आणि ते कधी चुकलं नाही. वजनाच्या तळाला भोक पाडून आतलं शिसं काढलेलं मी बघितलंय, तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक बघितलंय, मापाच्या डब्याला आतून दुसरा तळ बसवलेला बघितलाय. असं रोज बघून माणसाचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. घरी आल्यावर ते डोळे काढून खुंटीला टांगता येत नाहीत.

तर दीड महिन्यापूर्वी एका गोदामात ट्रकांचा वजनकाटा तपासायला गेले होते. काट्याच्या पत्र्याखाली खड्डा असतो. त्यावरची झाकणी मीच उघडायला लावली, आणि तिथल्या माणसाकडे संशयाने बघत बघत मागे सरकले ती थेट त्या खड्ड्यात. घोटा दोन ठिकाणी मोडला. आत धातूची पट्टी आणि सहा स्क्रू घालून तिसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि दुखण्यावर गोळ्या दिल्या. कोडीन त्यांचं नाव, तुलाही माहीत असेल, खोकल्याच्या औषधातही असतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ दोन-दोन. मी कागदावर वेळ लिहून मोजूनच घेत होते. पहिल्या दिवशी गुंगी आली, म्हटलं औषध आहे, येणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खात्याच्या गाडीचे ड्रायव्हर, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, सहीसाठी कागद घेऊन आले. बेल वाजवली, दार उघडेना. शेजारच्या बाईंकडे किल्ली असते, ती घेऊन आत आले, तर मी खुर्चीत बसलेली, हनुवटी छातीला टेकलेली, ओठ निळे. मामा नंतर म्हणाले, “बाई, तुमचा एक श्वास झाला की मी दुसऱ्याची वाट बघत उभा. मला वाटलं आता येतच नाही.” त्यांनी आणि शेजारणीने मला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात गोळीचा असर उतरवणारं इंजेक्शन दिल्यावर मी शुद्धीवर आले.

इथवर झालं ते कुणाचंही होऊ शकतं. पुढचं ऐक. शुद्धीवर आल्यावर एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, “किती गोळ्या घेतल्यात?” मी म्हटलं, एका वेळेला दोन. त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि परत विचारलं, “नक्की दोनच?” मी म्हटलं, हो. मग ते खाटेवर टेकले आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाले, “बघा, आम्ही कुणाला सांगणार नाही. पण खरं सांगा.” ठिपक्या, तो आवाज मी ओळखला. दुकानदाराला कोपऱ्यात घेऊन मी स्वतः तोच आवाज काढते. त्यांनी मामांना घरी पाठवून गोळ्यांची पाकिटं मागवली. मोजली. जेवढ्या संपायला हव्या होत्या तेवढ्याच संपल्या होत्या. तरी त्यांची खात्री पटेना. दुसरीकडून घेतल्या असतील. नर्सने माझ्यासमोर माझी पर्स उलटी केली. संध्याकाळी एक समुपदेशक बाई आल्या, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, एकट्या राहता का, आई जाऊन किती दिवस झाले, जगणं नकोसं वाटतं का. मी ओरडले. ओरडले म्हणून त्यांनी तेही लिहून घेतलं. मी रडले असते तर रडण्याची नोंद झाली असती. काहीही केलं तरी ते माझ्याविरुद्धच जात होतं.

त्या खाटेवर पडल्या पडल्या मला तुझ्या त्या डॉक्टरांची खोली आठवली. जाड काचांचा चष्मा, टेबलावर पितळी पेपरवेट, भिंतीला ओल. तू तेव्हा सव्वीस वर्षांचा होतास. नकाशा विभागात दोन वर्षं बरं चाललं होतं आणि मग एक दिवस तू उठलाच नाहीस. अंगात ताप नाही, कुठे दुखत नाही, फक्त उठायचं नाही, बोलायचं नाही, ताटातलं तसंच. डॉक्टर म्हणाले नैराश्य आहे, गोळी दिली. महिन्याने वाढवली. दोन महिन्यांनी परत वाढवली. काहीच फरक नाही. मग त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, औषध किती पोचतंय ते बघायला. अहवाल आला त्या दिवशी तू माझ्या डाव्या हाताला बसला होतास. डॉक्टर म्हणाले, “रक्तात औषध नावालासुद्धा नाही. हा गोळी पोटात जाऊच देत नाही. घरात कुणीतरी लक्ष ठेवा.” तू म्हणालास, “मी घेतो.” ते तुझ्या डोक्यावरून माझ्याकडे बघून हसले. “सगळे असंच म्हणतात.”

मला काय वाटलं ते आज तुला खरं सांगते. मला हायसं वाटलं. तुझं दुखणं मला कळत नव्हतं. चोरी कळत होती. तोवर मी घरभर नुसती हात चोळत फिरायचे, आता मला काम मिळालं. डोळ्यांत तेल घालून मी कामाला लागले. सकाळी आठला पाण्याचा पेला, गोळी, घोट. मग तोंड उघड. जीभ वर. डावा गाल. उजवा गाल. काट्याच्या खाली बघायला मला खात्याने जी बॅटरी दिली होती, ती मी तुझ्या तोंडात मारायचे. त्यानंतर पंधरा मिनिटं माझ्यासमोर बसायचं, मोरीत जायचं नाही. तुझी गादी मी उसवून बघितली. बुटांत हात घातला. नकाशांची गुंडाळी एक एक सोडून बघितली, तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास आणि काही बोलला नाहीस. मला वाटलं, बोलत नाही म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. बोलला असतास तर वाटलं असतं, मला गुंगवतोय.

आई एकदा म्हणाली होती, “तो गिळतो गं. त्याच्या गळ्याची घाटी हलताना मला दिसते.” मी तिला गप्प केलं. म्हटलं, आई, तू त्याची आई आहेस, तुला तेच दिसणार. मग एक दिवस कपडे धुवायला टाकताना तुझ्या राखाडी पँटच्या खिशात दोन गोळ्या निघाल्या. तू म्हणालास, कुठून आल्या माहीत नाही. मी त्या कागदात बांधून, वर तारीख घालून कपाटात ठेवल्या. मुद्देमाल. त्यानंतर आईही माझ्या बाजूला आली, म्हणजे निदान तिने तुझी बाजू घ्यायची थांबवली.

इकडे दवाखान्यात चौथ्या दिवशी एक बाई आल्या. पांढरा कोट, पायात सपाट चपला, बरोबर कुणी नाही. म्हणाल्या, मी औषधांचा अभ्यास करणारी डॉक्टर आहे, कुणाला किती मात्रा सोसते ते बघते. खाटेवरचा तक्ता वाचला आणि म्हणाल्या, “तुम्ही दोनच गोळ्या घेतल्या असं धरून चालते.” चार दिवसांत माझ्यावर विश्वास ठेवणारं ते पहिलं माणूस, आणि माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती हीच, की हिला माझ्याकडून काय हवंय? त्यांना लाळ हवी होती. लहानशा नळीत थुंकायचं, ती प्रयोगशाळेत जाणार, आणि माझ्या जनुकांवरून कळणार की कुठलं औषध माझ्या अंगात कसं वागतं. मी म्हटलं, थुंकीवरून? त्या म्हणाल्या, थुंकीत तुमच्या तोंडातल्या पेशी असतात, त्यांत सगळं लिहिलेलं असतं. मी म्हटलं, सगळं लिहिलेलं असतं म्हणूनच नको.

मी दोनदा नकार दिला. संमतीपत्र अकरा पानांचं होतं, ते मी दोन दिवस वाचलं. लाळ उरली तर तिचं काय करणार? किती वर्षं ठेवणार? विमा कंपनीला कळणार का? माझ्या रक्ताच्या नातेवाइकांबद्दल त्यातून काही कळलं तर ते कुणाच्या मालकीचं? त्या बाई रोज दुपारी येऊन माझ्या प्रश्नांना उत्तरं द्यायच्या, आणि जिथे उत्तर माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही, विचारून सांगते’ म्हणायच्या. खरं सांगायचं तर त्यांच्या या ‘माहीत नाही’नेच मला पाघळवलं. माझ्या अनुभवात लबाड माणसाला सगळं माहीत असतं. सातव्या पानावर मी दोन ओळी खोडल्या, बाजूला सही केली आणि नळीत थुंकले. नळीवरचं नाव बरोबर चिकटवलंय का ते तीनदा बघितलं. बाई हसल्या नाहीत, त्यांनीही माझ्याबरोबर बघितलं.

अहवाल यायला दहा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत मी घरी आले. पाय उशीवर ठेवून पडून राहायचं, दुसरं काम नाही, आणि तुझं ते सगळं डोक्यातून जाईना. एक गोष्ट मला त्या दिवसांत पहिल्यांदा टोचली. ती तुला सांगायलाच हवी, कारण तुला ती अर्धीच माहीत आहे.

खिशातल्या गोळ्या सापडल्यावर मी ठरवलं की तुझ्यावर सोडायचंच नाही. सकाळची गोळी तू माझ्यासमोर घेत होतासच. त्याशिवाय आणखी एक मी चमच्याच्या पाठीने चुरून तुझ्या संध्याकाळच्या दुधात घालायला लागले. साखर जास्त घालायचे, कडवटपणा लागू नये म्हणून. डॉक्टरांना विचारलं नाही. आईला सांगितलं नाही. चार आठवडे. म्हणजे सकाळची तू लपवलीस असं धरलं, तरी संध्याकाळची तर माझ्या हाताने गेली होती. मग परत रक्त तपासलं, आणि परत तेच, औषध जेमतेम. आता ठिपक्या, दुकानात मी स्वतः माझं वजन पारड्यात ठेवलं आणि तरी काटा हलला नाही, तर मी कुणावर संशय घेईन? काट्यावर. शाळेतल्या पोरालाही कळेल. मी काय केलं? मला वाटलं, तू ओकून टाकतोस. मी न्हाणीघराच्या दाराला कान लावून उभी राहायला लागले. पाण्याचा आवाज जास्त वेळ आला की कडी वाजवायची. पुरावा समोर ठेवलेला होता आणि मी त्याच्यावरून उडी मारून पुढच्या गुन्ह्याकडे गेले.

पुढचं तुला माहीत आहे. ती रविवारची सकाळ होती. आदल्या संध्याकाळी तू दूध घेतलं नव्हतंस, म्हणून मी सकाळच्या दुधात घालत होते. तू पाणी प्यायला स्वयंपाकघरात आलास आणि मी चमच्याने चुरत असताना दारात उभा राहिलास. मला वाटलं आता आरडाओरडा करशील. तू पुढे आलास, माझ्या हातातला पेला घेतलास, ते दूध उभ्या उभ्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलास, ओठ पुसलेस आणि माझ्यासमोर तोंड उघडून जीभ वर केलीस. बॅटरी जवळ नव्हती, तरी मी बघितलं. मी बघितलं रे, तेव्हासुद्धा. मग तू म्हणालास, “ताई, मी घेत होतो गं.” मी म्हटलं, “मग रक्तात का नाही?”

तू खोलीत जाऊन पिशवी भरलीस. आई दाराशी तुझा हात धरून उभी होती, तो तू हळूच सोडवलास. पुढे इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की एका प्रश्नाला उत्तर देता आलं नाही म्हणून माझा भाऊ घर सोडून गेला. तो प्रश्न मी तुला विचारायचाच नव्हता. तो डॉक्टरांना विचारायचा होता.

अहवाल सांगायला त्या बाईंनी मला बोलावून घेतलं. कुबड्या घेऊन गेले. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, तेच तुला सांगते. आपल्या यकृतात एक पदार्थ असतो, त्याचं नाव गाडीच्या नंबरप्लेटसारखं आहे, अहवालाच्या पहिल्या पानावर बघ. त्याचं काम आलेल्या औषधाचं रूप बदलणं. तो बनवायची कृती जनुकात असते आणि बहुतेकांकडे तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. माझ्याकडे जादा प्रती निघाल्या. त्यामुळे माझं यकृत दुप्पट वेगाने काम करतं. कोडीन पोटात गेलं की शरीर त्याचं मॉर्फीन करतं. दुसऱ्यांच्यात ते थोडं थोडं होतं, माझ्यात भसकन झालं. एका वेळेला दोनच गोळ्या, पण अंगात विष होण्याइतक्या. आणि काही औषधांचं बरोबर उलटं होतं. ती आहेत तशीच उपयोगाची असतात, पण माझ्यासारख्यांचं शरीर ती काम करायच्या आधीच मोडून बाहेर टाकतं. “माणूस गोळी प्रामाणिकपणे घेतो,” बाई म्हणाल्या, “आणि रक्तात ती सापडत नाही.”

हे त्या अगदी सहज बोलल्या. मी त्यांना परत बोलायला लावलं. मग त्यांनी विचारलं, “घरात कुणाला औषधं लागू पडत नाहीत, असं कधी झालंय का?” आणि मी म्हटलं, नाही. खोटं बोलले. सवयीने. चौकशी करणाऱ्याला आपलं काही द्यायचं नाही, ही सवय. बाहेर येऊन बाकावर बसले आणि दुसरं पान उलटलं. तिथे औषधांची यादी आहे, प्रत्येकापुढे काय करावं ते लिहिलंय. सातव्या ओळीत तुझ्या गोळीचं नाव आहे. ते मी कुठेही ओळखेन, चार आठवडे चुरलंय. त्यापुढे लिहिलंय की नेहमीच्या मात्रेत रक्तातलं प्रमाण फार कमी राहण्याची शक्यता, शक्यतो दुसरं औषध निवडावं. मी कुबड्या घेतल्या, परत आत गेले आणि बाईंना म्हटलं, मघाशी मी खोटं बोलले. मला एक भाऊ आहे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी दुधाचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या भावाचंही असंच असेल हे त्याची तपासणी केल्याशिवाय सांगता येणार नाही. भावंडांत जनुकं जुळतात, पण सगळी जुळतातच असं नाही. आणि हेही म्हणाल्या की गोळी रक्तात टिकली असती तर तो बरा झालाच असता असंही नाही, मनाच्या दुखण्यात जनुकांपलीकडे पुष्कळ असतं. मला बरं वाटलं की त्यांनी मला स्वस्तात सोडवलं नाही. त्यामुळे मीही तुला हे पक्कं म्हणून सांगत नाही. संशय म्हणून सांगते. आयुष्यभर तुझ्यावर घेतला तसाच एक संशय, फक्त या वेळी तुझ्या बाजूने.

आणि प्रामाणिकपणे बोलायचं तर खिशातल्या त्या दोन गोळ्यांचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. डॉक्टरांकडे निघताना घाईत खिशात टाकल्या असशील, राहून गेल्या असतील. किंवा खरंच दोन दिवस घ्याव्याशा वाटल्या नसतील. बघ, अजूनही मी विचारतेच आहे. पण समज, टाकल्यास तू दोन. माझ्या कोडीनच्या गोळ्या मी परवा कचऱ्यात टाकल्या, घाबरून. मला कुणी तोंड उघडायला लावलं नाही.

आईला हे कळायला हवं होतं. ती गेली त्या दिवशी तू आलास, पायरीशी उभा राहिलास आणि दुपारीच गेलास. माझ्याशी बोलला नाहीस, पण तुझी बायको बोलली. तिने माझा नंबर घेतला. मला वाटलं, चांगल्या वळणाची मुलगी आहे, रीत म्हणून घेतला असेल.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तीन वेळा लिहूनही हाच भाग पुढे ढकलत आले. दोन महिन्यांपूर्वी, माझा पाय मोडायच्या आधी, एका दुपारी तुझ्या बायकोचा फोन आला. म्हणाली, ताई, हे परत तसेच झालेत, सहा महिने झाले, कामावर जात नाहीत. डॉक्टरांनी दोनदा मात्रा वाढवली, काही फरक नाही. रक्त तपासलं तर औषध दिसत नाही. डॉक्टर म्हणतात गोळ्या टाकत असतील. तुम्ही तेव्हा काय करायचात? मी तिला सगळं सांगितलं. अर्धा तास. कसं बसवायचं, जीभ कशी वर करायला लावायची, गाल कसे बघायचे, किती मिनिटं समोरून उठू द्यायचं नाही. तिने लिहून घेतलं. फोन ठेवताना मला समाधान वाटलं की माझा अनुभव कुणाच्या तरी उपयोगी पडला. तिने तुला सांगितलं असेल की हे डॉक्टरांनी करायला सांगितलंय. नाही रे. मी सांगितलंय. त्या मुलीवर राग धरू नकोस, ती घाबरलेली आहे आणि तिला शिकवणारी मीच भेटले. काल तिला फोन करून म्हटलं, हे सगळं बंद कर. ती म्हणाली, “पण ताई, तुम्हीच तर म्हणाला होतात.” त्यावर मी म्हटलं, मी चुकले होते, त्याला लिहून कळवते. तेव्हा एवढं कर: हा अहवाल तुझ्या डॉक्टरांना दाखव आणि माझीही तपासणी करा म्हणून सांग. त्यांनी टाळलं तर मला कळव, डॉक्टरांशी भांडायला मी येते, तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही. तोवर गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस आणि वाढवूही नकोस. उद्या सकाळी पाण्याचा घोट घे, गोळी गिळ, आणि उठून आपल्या कामाला लाग किंवा परत झोप, तुला वाटेल ते कर. तोंड उघडून कुणाला दाखवू नकोस. कुणी विचारलंच तर सांग, ताईने नको म्हटलंय.

तू मानलंस तर तुझीच,
ताई